पत्ता कोणाच्या नावावर? मोझिलाच्या वेबथिंग्ज गेटवेचे प्रकरण

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने आपल्या ‘वेबथिंग्ज’ प्रकल्पाचे सर्व्हर बंद करण्यासाठी ३१ डिसेंबर २०२० ही अखेरची तारीख जाहीर केली होती. या सर्व्हरांच्या आधाराने लोक ऑफिसातून किंवा परगावाहून आपल्या घरातले दिवे, प्लग, दारांचे सेन्सर आणि तापमापक ब्राउझरमध्ये उघडून पाहत आणि चालवत असत. ज्यांनी मुदतीपूर्वी आपला गेटवे, म्हणजे घरातली उपकरणे इंटरनेटशी जोडणारा मधला छोटा संगणक, नव्या पत्त्यावर नेला, त्यांचे काम पुढे सुरू राहिले. ज्यांनी नेला नाही, त्यांची बाहेरून येण्याची वाट बंद झाली. पण घरातल्या घरात दिवे लावणे-मालवणे आणि आधी घालून दिलेले नियम चालणे यांत खंड पडण्याचे काही कारण नव्हते.

त्याआधी साडेचार वर्षे, १५ मे २०१६ रोजी, अमेरिकेत याच जातीच्या एका उपकरणाचा शेवट फार वेगळा झाला होता. रिव्हॉल्व्ह नावाचा सुमारे ३०० डॉलर किमतीचा हब बनवणारी कंपनी गुगलच्या मालकीच्या नेस्टने ऑक्टोबर २०१४ मध्ये विकत घेतली आणि दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आतच त्या हबची सेवा बंद केली. हब धडधाकट होता, घरातले दिवे धडधाकट होते, दोन्ही एकाच छताखाली होते. तरीही मधला सर्व्हर गेल्यामुळे ॲप चालेनासे झाले आणि हब नुसता डबा होऊन राहिला.

हे दोन शेवट इतके वेगळे का झाले, आणि वेबथिंग्जमधले काय टिकले व काय तुटले, याचा हा अभ्यास आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. वेबच्या तंत्रांनी घर जोडताना प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांची आपसात बोलण्याची पद्धत, कोणता निवडावा यावर भरपूर चर्चा होते, पण घराचा इंटरनेटवरचा पत्ता कोणाच्या नावावर आहे याची फारशी कोणी चौकशी करत नाही. आणि या प्रकरणात धागा तुटला तो तिथेच.

पार्श्वभूमी

उपकरणांना वेबवर आणण्याची कल्पना मोझिलाची नव्हे. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात डॉमिनिक गिनार्ड आणि व्लाद ट्रिफा यांनी २००० च्या दशकाच्या उत्तरार्धातच ‘वेब ऑफ थिंग्ज’ या नावाने ती मांडली होती: प्रत्येक वस्तूला यूआरएल, म्हणजे वेबपत्ता, द्यावा, तिची स्थिती एचटीटीपी या वेबच्या प्रोटोकॉलने वाचता यावी, तिला हुकूमही त्याच मार्गाने देता यावा. डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने जून २०१४ मध्ये बर्लिनला या विषयावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून पुढे कार्यगट उभा राहिला.

मोझिला या वाटेला लागली ती फायरफॉक्स ओएस बाजूला ठेवल्यावर. वेब तंत्रांवर चालणारे हे फोनचे सॉफ्टवेअर फोनसाठी पुढे न नेण्याचा निर्णय डिसेंबर २०१५ मध्ये झाला. त्या कामात असलेल्या बेन फ्रान्सिस यांनी जून २०१७ मध्ये मोझिलातर्फे वेब ऑफ थिंग्जची भूमिका मांडली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘प्रोजेक्ट थिंग्ज’ सर्वांसाठी खुला झाला. एप्रिल २०१९ मध्ये त्याचे नाव मोझिला वेबथिंग्ज असे झाले.

त्या काळी बाजारात असलेल्या स्मार्ट दिव्यांची परिस्थिती आजही अनेकांच्या घरात दिसते. प्रत्येक कंपनीचे स्वतःचे ॲप, स्वतःचे खाते आणि स्वतःचा क्लाउड. हॉलमधला दिवा आणि तो लावणाऱ्या माणसाच्या हातातला फोन यांच्यात चार पावलांचे अंतर असले, तरी हुकूम दुसऱ्या देशातल्या डेटा सेंटरला जाऊन परत यायचा. त्यात ऑक्टोबर २०१६ ची घटना ताजी होती. कारखान्यात घातलेले पासवर्ड तसेच ठेवून थेट इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने ताब्यात घेतले होते, आणि २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) पुरवणाऱ्या कंपनीवर त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्याने अमेरिकेतली अनेक मोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली होती. म्हणून उपकरणे थेट इंटरनेटला न जोडता घरात एक गेटवे ठेवावा, उपकरणांनी त्याच्याशी बोलावे आणि बाहेरच्या जगाशी फक्त गेटवेने बोलावे, अशी रचना मोझिलाने घेतली. गेटवेसाठी वेगळे यंत्र विकत घेण्याची गरज नव्हती. रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकावर मेमरी कार्डातून सॉफ्टवेअर चढवले की तोच गेटवे होई. हे सॉफ्टवेअर नोड जेएसवर लिहिलेले, मोझिला पब्लिक लायसन्सखाली खुले, आणि आपला सगळा डेटा घरातच एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये ठेवणारे होते.

दिव्याची ओळखपत्रिका

या रचनेचा गाभा म्हणजे ‘थिंग डिस्क्रिप्शन’, वस्तूची ओळख सांगणारा, जेसन या माहिती लिहिण्याच्या साध्या पद्धतीतला एक छोटा दस्तऐवज. हॉलमधल्या दिव्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या यूआरएलवर साधी गेट विनंती (माहिती मागणारी एचटीटीपी विनंती) केली की उत्तरात त्याचे शीर्षक येते, तो ‘लाइट’ या प्रकारात मोडतो हे कळते, आणि मग तीन याद्या येतात. पहिली गुणधर्मांची: ‘ऑन’ हा गुणधर्म खरा-खोटा या जातीचा, ‘ब्राइटनेस’ हा पूर्णांक, किमान ०, कमाल १००, एकक टक्का. दुसरी क्रियांची: ‘फेड’ ही क्रिया, तिला किती तीव्रतेपर्यंत आणि किती मिलिसेकंदांत जायचे ही दोन मूल्ये लागतात. तिसरी घटनांची: दिवा प्रमाणाबाहेर तापला तर ‘ओव्हरहीटेड’ ही घटना येईल आणि सोबत तापमान येईल. प्रत्येक गुणधर्मासमोर त्याचा स्वतःचा दुवा असतो.

गुणधर्म आणि क्रिया हा भेद वरवर पाहता किरकोळ वाटतो, पण प्रत्यक्षात फार उपयोगी पडतो. दिवा लागलेला असणे ही स्थिती आहे. ती वाचता येते, बदलता येते, आणि ‘लाव’ हा हुकूम दोनदा पोहोचला तरी बिघडत काही नाही, कारण दुसऱ्या वेळी दिवा लागलेलाच असतो. पडदा वर घेणे किंवा कुलूप उघडणे यांना वेळ लागतो. ती मध्येच थांबवावी लागतात किंवा अडकतात, म्हणून त्यांना क्रिया म्हणून वेगळे ठेवले जाते आणि ‘प्रलंबित’, ‘सुरू’, ‘पूर्ण’ अशी त्यांची अवस्था कळवली जाते. नेटवर्क खराब असताना तोच संदेश पुन्हा पाठवणे अटळ असते. अशा वेळी ‘उलट कर’ असा हुकूम ठेवणारी प्रणाली दिवा लावते की मालवते याचा भरवसा देता येत नाही, तर ‘ऑन बरोबर ट्रू’ असे सांगणाऱ्या प्रणालीला ती अडचण येत नाही. घरातल्या स्वयंचलनाचे निम्मे घोळ या एका गोष्टीने टळतात, असे मी अनुभवाने सांगू शकतो.

डब्ल्यूथ्रीसीचे थिंग डिस्क्रिप्शन ९ एप्रिल २०२० रोजी अधिकृत शिफारस झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याची १.१ आवृत्ती आली. मोझिलाची मांडणी त्याच्याशी नाते सांगणारी असली तरी जशीच्या तशी नव्हती. डब्ल्यूथ्रीसीच्या गटात सीमेन्ससारख्या कंपन्या होत्या. त्यांच्याकडे आधीच बसवलेली, वेगवेगळे प्रोटोकॉल बोलणारी यंत्रे होती. म्हणून त्या गटाने ‘यंत्र जे बोलते त्याचे वर्णन करा’ अशी दिशा घेतली. दस्तऐवजात एचटीटीपी, कोॲप किंवा एमक्यूटीटी यांपैकी कोणत्याही मार्गाचा तपशील लिहिता येतो. मोझिलाला ब्राउझरला अटकळ बांधायला लावायची नव्हती. समोरची वस्तू एचटीटीपी आणि वेबसॉकेटच बोलणार असे तिने ठरवून टाकले. पहिल्या पद्धतीत जुने यंत्र सहज सामावते, पण ते चालवणाऱ्याला सगळे प्रोटोकॉल यावे लागतात. दुसरीत वस्तूला शिस्त लावावी लागते, पण चालवणारा कोणताही ब्राउझर असू शकतो. घरासाठी मला दुसरी पद्धत बरोबर वाटते. वेबथिंग्जच्या पुढच्या आवृत्त्यांत प्रमाणाशी जुळवून घेण्याचे काम होत गेले, तेही योग्यच होते.

ताबडतोब कळणे

एचटीटीपीत बोलण्याची सुरुवात नेहमी ग्राहकाकडून होते. दार उघडले हे ब्राउझरला कळायचे तर त्याने दर दोन-चार सेकंदांनी ‘उघडले का?’ असे विचारत राहायचे, आणि दर वेळी शेकडो बाइट्सची शीर्षके वाहायची. हे टाळण्यासाठी वेबसॉकेट आहे. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ म्हणून ते प्रमाण झाले. सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीने होते, त्यात ‘अपग्रेड’ मागितले जाते, सर्व्हर १०१ असे उत्तर देतो, आणि तीच जोडणी दोन्ही बाजूंनी केव्हाही बोलता येईल अशी उघडी राहते. यानंतर सर्व्हरकडून येणाऱ्या छोट्या संदेशावर फक्त दोन बाइट्सचे वेष्टन चढते.

वेबथिंग्जमध्ये हॉलचा दिवा लावताना या वाहिनीवर काय घडते ते पाहू. ब्राउझर पाठवतो: संदेशाचा प्रकार ‘सेटप्रॉपर्टी’, माहिती ‘ऑन: ट्रू’. गेटवे हे झिग्बी या रेडिओ तंत्राच्या डोंगलला (यूएसबीत लावायच्या छोट्या रेडिओला) देतो, डोंगल दिव्याला देतो, दिवा बदल कळवतो, आणि तेव्हा गेटवेकडून ‘प्रॉपर्टीस्टेटस’ प्रकारचा संदेश निघतो: ‘ऑन: ट्रू’. तो फक्त हुकूम देणाऱ्यालाच जात नाही. त्या क्षणी दिव्याचे पान ज्याच्या-ज्याच्या समोर उघडे असेल त्या प्रत्येकाला जातो. भिंतीवरच्या वायरलेस बटणाने कोणी दिवा मालवला, तरी तोच संदेश सगळ्यांकडे जातो. पडद्यावर दिसणारी स्थिती हुकमावरून न ठरता दिव्याने दिलेल्या जबाबावरून ठरते, आणि चांगल्या व वाईट स्मार्ट घरातला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

वेबसॉकेटच्या मर्यादाही या प्रकरणात नीट दिसतात. जोडणी तुटली तर ब्राउझर ती आपणहून परत जोडत नाही. ते पानातल्या कोडला करावे लागते. सर्व्हर-सेंट इव्हेंट्स या दुसऱ्या तंत्रात पुनर्जोडणी ब्राउझरच करतो आणि शेवटचा संदेश कोणता मिळाला होता तेही सांगतो, पण तिथे बोलणे एकतर्फी असते. वेबसॉकेट तुटलेले असताना निसटलेले संदेश परत येत नाहीत, त्यामुळे पुन्हा जोडल्यावर आधी सर्व गुणधर्म गेट विनंतीने ताजे करून घ्यावे लागतात. जे हे करत नाहीत, त्यांच्या पडद्यावर रात्री मालवलेला दिवा सकाळी लागलेला दिसतो. शिवाय मोबाइल नेटवर्कमधली मधली यंत्रे शांत पडलेली जोडणी काही वेळाने गुपचूप सोडून देतात. ती जागी ठेवण्यासाठी पिंग पाठवावा लागतो, आणि ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला प्रोटोकॉल पातळीवरचा पिंग पाठवता येत नाही, म्हणून ती जबाबदारी सर्व्हरने घ्यावी लागते. नवखे लोक अडतात अशी आणखी एक जागा म्हणजे ब्राउझरमधून वेबसॉकेट उघडताना ‘ऑथरायझेशन’ शीर्षक जोडता येत नाही. वेबथिंग्जने परवान्याचे टोकन यूआरएलच्या शेपटाला लावले. वाटेत ते टीएलएसमुळे (एचटीटीपीएसमागचे संदेश गुप्त ठेवणारे तंत्र) झाकलेले राहते, पण सर्व्हरच्या नोंदवहीत सगळा यूआरएल उतरला तर टोकनही त्यात उतरते. नोंदी ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यायलाच हवे.

रेडिओची बाजू, आणि आपल्याकडची परिस्थिती

बहुतेक स्वस्त सेन्सर वाय-फाय बोलत नाहीत, कारण बटणाएवढ्या सेलवर वर्ष-दोन वर्षे चालायचे तर ते परवडत नाही. ते झिग्बी किंवा झेड-वेव्ह बोलतात. गेटवेच्या यूएसबीत डोंगल लावून योग्य ते ॲड-ऑन बसवले की ती उपकरणे वेबच्या वस्तू म्हणून दिसू लागतात. भारतात, आणि परदेशी नातेवाईक असलेल्या मराठी घरांत तर विशेषच, इथे एक गोष्ट सांभाळावी लागते. झिग्बी जगभर २.४ गिगाहर्ट्झवर चालते, पण झेड-वेव्हची वारंवारता देशागणिक बदलते: भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४ च्या आसपास, अमेरिकेत ९०८.४ च्या आसपास. न्यू जर्सीहून भावाच्या बॅगेतून आलेला झेड-वेव्ह प्लग पुण्यात घेतलेल्या डोंगलशी कधीच बोलणार नाही, आणि अमेरिकी डोंगल इथे वापरणे नियमातही बसत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड लिहिणे चालू असताना वीज गेली, तर कार्डावरची फाइल व्यवस्था बिघडू शकते. जिथे वीज दिवसातून दोन-तीनदा जाते तिथे गेटवे इन्व्हर्टरवरच्या प्लगला लावणे आणि कार्डाची एक प्रत काढून ठेवणे हे चैनीत मोडत नाही. उलट इंटरनेट जाण्याची या रचनेला भीती नाही. ‘दार उघडले तर पॅसेजमधला दिवा लाव’ हा नियम गेटवेतच तपासला जातो. बाहेरची लाइन पडली तरी दिवा लागतो.

नाव, प्रमाणपत्र आणि बोगदा

आता प्रकरणाच्या मुख्य गाठीकडे येतो. घरातल्या नेटवर्कमध्ये गेटवे ‘गेटवे डॉट लोकल’ या नावाने सापडतो. पण ब्राउझरला त्याच्याशी टीएलएसने बोलायचे असेल तर प्रमाणपत्र लागते, आणि ब्राउझर ज्यांच्यावर विश्वास ठेवतो त्या प्रमाणपत्र संस्था ‘लोकल’ने संपणाऱ्या नावाला किंवा १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्याला प्रमाणपत्र देत नाहीत, कारण तशी नावे आणि पत्ते लाखो घरांत सारखेच असतात. टीएलएस नसेल तर ब्राउझर सर्व्हिस वर्कर (पानाचा पार्श्वभूमीत चालणारा कोड) चालू देत नाही, पुश सूचना देत नाही, पान फोनवर ॲपसारखे नीट बसत नाही. म्हणजे वेबची उत्तमोत्तम साधने नेमकी आपल्याच घरातल्या सर्व्हरला नाकारली जातात. बँकेच्या संकेतस्थळासाठी ही कडक शिस्त योग्य आहे; घरातल्या दिव्याचा विचार करून ती बनवलेली नाही.

दुसरी अडचण बाहेरून येण्याची. घराचा सार्वजनिक पत्ता बदलत राहतो, आणि आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड व मोबाइल जोडण्यांवर तर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरमध्ये पोर्ट उघडूनही मग काही उपयोग होत नाही.

मोझिलाने दोन्ही अडचणींवर एकच उपाय काढला. पहिल्यांदा गेटवे सुरू केला की तो एक सबडोमेन निवडायला सांगे, आणि ‘मोझिला-आयओटी डॉट ऑर्ग’च्या पुढे आपण निवडलेले नाव लागून घराला जगभर चालणारा पत्ता मिळे. त्या नावासाठी लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र संस्थेकडून मोफत प्रमाणपत्र घेतले जाई. नावावर आपला ताबा आहे हे सिद्ध करण्यासाठी डीएनएसमध्ये एक नोंद करावी लागते, ती मोझिलाचा नोंदणी सर्व्हर करून देई. मग पेजकाइट या खुल्या सॉफ्टवेअरने गेटवे आतून बाहेर एक बोगदा उघडून ठेवी आणि बाहेरची विनंती त्यातून घरात येई. प्रमाणपत्राची खासगी किल्ली गेटवेतच राहत असल्याने मधल्या सर्व्हरला फक्त कोणत्या नावाकडे जायचे एवढे कळे. आतला मजकूर वाचता येत नसे. घरमालकाने पाच मिनिटांत नाव निवडायचे आणि बाकीचे आपोआप व्हायचे. तांत्रिक कौशल्य नसलेल्या माणसासाठी याहून सोपी मांडणी मी पाहिलेली नाही, आणि ती तयार करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

या सोपेपणाची किंमत अशी होती की घराचे नाव मोझिलाच्या डोमेनखाली राहत होते. नाव, प्रमाणपत्राचे नूतनीकरण आणि बोगदा हे तिन्ही एकाच खुंटीला बांधलेले होते. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. ते नवे करण्यासाठी दर वेळी डीएनएसची नोंद लागते आणि ती नोंद करणारा सर्व्हर आपला नसतो. म्हणजे घरातला संगणक कितीही सुरळीत चालला, तरी तीन महिन्यांच्या आत दुसऱ्याच्या दाराशी जावेच लागे.

२०२० चे वळण

११ ऑगस्ट २०२० रोजी मोझिलाने सुमारे २५० लोकांची कपात जाहीर केली आणि संस्थेचे लक्ष नव्याने आखले. त्या फेरआखणीत वेबथिंग्जला जागा उरली नाही. सप्टेंबरमध्ये गेटवेची १.० आवृत्ती निघाली आणि तिच्यासोबतच प्रकल्प मोझिलाबाहेर, स्वतंत्र खुला प्रकल्प म्हणून जात असल्याचे जाहीर झाले. बेन फ्रान्सिस यांनी काढलेल्या क्रेलियन या छोट्या कंपनीने त्याचे पालकत्व घेतले. मोझिलाचे सर्व्हर वर्षअखेरपर्यंत चालतील, तोवर वापरणाऱ्यांनी नव्या आवृत्तीवर जाऊन ‘वेबथिंग्ज डॉट आयओ’खाली नवे सबडोमेन घ्यावे, असे सांगण्यात आले.

कोड खुला असल्यामुळे दुसऱ्या कोणाला तरी तो उचलून पुढे नेता आला, हे खरे आणि महत्त्वाचे आहे. नियम, नोंदी, उपकरणांची ओळख, रेडिओची जुळणी हे सगळे घरातल्या कार्डावर होते, त्यामुळे त्यातले काही नव्याने उभारावे लागले नाही. रिव्हॉल्व्हच्या ग्राहकांकडे यातले काहीच नव्हते. त्यांच्या हबचा मेंदू दुसरीकडे होता आणि तो विझवताच हातात काही उरले नाही.

पण नाव मात्र सोबत नेता आले नाही. मोझिलाच्या डोमेनखालचे सबडोमेन मोझिलाच्या डोमेनखालीच राहणार, ते दुसऱ्या संस्थेला ‘पोर्ट’ करता येत नाही. फोनचा नंबर कंपनी बदलली तरी आपल्याकडे राहतो, तशी सोय इथे नाही. वेबमध्ये वस्तूची ओळख म्हणजे तिचा यूआरएल, हेच या साऱ्या रचनेचे मूळ तत्त्व. त्यामुळे डोमेन बदलले की घरातल्या प्रत्येक वस्तूची बाहेरची ओळख एका दिवसात बदलते. फोनवर बसवलेले पान जुन्या पत्त्याचे असते, दुसऱ्या सेवांना दिलेले परवाने जुन्या पत्त्याशी बांधलेले असतात, कोणी स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये जुना पत्ता कोरलेला असतो. जो जितका मनापासून ही प्रणाली वापरत होता, त्याला तितके जास्त धागे नव्याने बांधावे लागले.

ॲड-ऑनची यादी आणि अद्ययावत आवृत्त्या पुरवणाऱ्या सेवाही हलवाव्या लागल्या. हा भाग कमी बोलला जातो, पण त्याचे गांभीर्य कमी नाही. जो गेटवे जुन्यावरच राहिला तो आत चालत राहिला खरा, पण त्याला पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. घरापुरता चालणारा आणि सुरक्षित असलेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढची घडामोड

बाजाराने नंतर घेतलेला मार्ग या प्रकरणावर चांगला प्रकाश टाकतो. ॲमेझॉन, ॲपल, गुगल आणि जुनी झिग्बी अलायन्स यांनी मिळून आखलेले ‘मॅटर’ हे प्रमाण ऑक्टोबर २०२२ मध्ये आले. तेही घरातल्या घरात चालण्यावर भर देते, आयपीव्ही६ वर चालते, आणि एकच उपकरण वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपना चालवू देते. परंतु ते ब्राउझरचे नाही. उपकरण ज्या जाळ्यात सामील होते, त्या जाळ्याची स्वतःची मूळ प्रमाणपत्र व्यवस्था असते. बाहेरच्या डोमेनची किंवा सार्वजनिक प्रमाणपत्र संस्थेची गरज पडत नाही. जो प्रश्न मोझिलाला सबडोमेन देऊन सोडवावा लागला, तो मॅटरला पडतच नाही, कारण समोर ब्राउझर नसून कंपनीचे ॲप असते. त्याच्या बदल्यात कोणत्याही संगणकावरचे कोणतेही पान उघडून घर पाहण्याची मोकळीक जाते. वेबच्या बाजूने ही उणीव भरून काढायची तर स्थानिक उपकरणांवर विश्वास ठेवण्याची काही रीत ब्राउझर बनवणाऱ्यांनीच द्यावी लागेल. डब्ल्यूथ्रीसीच्या छत्राखाली स्थानिक नेटवर्कमधल्या एचटीटीपीएसवर एक समुदाय गट यासाठीच काम करत होता. सर्व ब्राउझर मान्य करतील असा तोडगा अजून हाती आलेला नाही.

आज उभारणी करायची तर

वेबथिंग्जचा गेटवे आजही रास्पबेरी पायवर किंवा डॉकरमध्ये बसवता येतो, आणि ज्यांना पाच मिनिटांत काम हवे आहे त्यांनी मिळणारे सबडोमेन खुशाल घ्यावे. पण ज्या घरात किंवा छोट्या कारखान्यात ही व्यवस्था दहा वर्षे चालावी अशी अपेक्षा आहे, तिथे मी स्वतःचे डोमेन घ्यायला सांगतो. डीएनएस पुरवठादार असा निवडावा की त्याच्याकडे प्रोग्रामद्वारे नोंद करता येते; मग लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र गेटवे स्वतःच नवे करू शकतो, त्यासाठी घराचे एकही पोर्ट बाहेर उघडावे लागत नाही. त्या डोमेनची नोंद घरातल्या खासगी पत्त्याकडे वळवली, तर घरात असताना फोन थेट गेटवेकडे जातो आणि ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल कुरकुर करत नाही. काही राउटर मात्र बाहेरच्या नावाला खासगी पत्ता मिळालेला पाहून तो धोका समजतात आणि उत्तर गाळून टाकतात. तिथे राउटरमध्ये त्या डोमेनला सूट द्यावी लागते.

बाहेरून येण्यासाठी मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा, गेटवेने त्याच्याकडे बोगदा उघडून ठेवावा, आणि त्या सर्व्हरने टीएलएस न उघडता फक्त नाव पाहून बाइट्स पुढे ढकलावेत. किल्ली घरातच राहते. सर्व्हर भाड्याने देणाऱ्याला कोण कधी आले एवढे दिसते, आत काय झाले ते दिसत नाही. उद्या त्याच्याशी पटले नाही तर बोगद्याचे टोक दुसरीकडे नेता येते आणि घराचा पत्ता तोच राहतो, कारण तो आता आपल्या नावावर असतो.

यात दरवर्षी एक काम कायमचे मागे लागते: डोमेनचे नूतनीकरण. ते चुकले तर डोमेन दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते, आणि नावासोबत त्या नावाची प्रमाणपत्रे मिळवण्याचा अधिकारही जातो. म्हणून नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते, तो त्याच डोमेनवरचा नसावा, आणि घरातल्या किमान दोघांना उघडता यावा.